रांग, रस्ता आणि मधमाश्या : जॉर्जिया टेकमधलं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग

अटलांटा हे बंदर नाही, खाणीचं गाव नाही, कुठल्या राजाची जुनी राजधानीही नाही. रेल्वेचे रूळ तिथं येऊन संपणार होते, म्हणून ते वसलं. १८३७ मध्ये वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वेच्या सर्वेक्षकांनी जॉर्जिया राज्यातल्या रानात लोहमार्गाचं शेवटचं टोक ठरवलं, आणि त्या जागेला ‘टर्मिनस’ एवढंच नाव पडलं. अटलांटा हे नाव १८४५ मध्ये आलं. आज जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत तिथल्या विमानतळाचा क्रमांक अगदी वर लागतो. डेल्टा एअरलाइन्स आणि यूपीएस ही पार्सल कंपनी यांची मुख्यालयं याच परिसरात आहेत. माणसं आणि माल इकडून तिकडे नेणं, हाच या शहराचा पिढीजात धंदा.

अशा शहरात ‘जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी’ हे सरकारी तंत्रविद्यापीठ आहे. सगळे त्याला जॉर्जिया टेक म्हणतात. स्थापना १८८५ ची, वर्ग १८८८ मध्ये सुरू झाले, आणि सुरुवातीला पदवी एकच होती, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. आता ऑनलाइन विद्यार्थी धरले तर संख्या पंचेचाळीस हजारांच्या वर जाते. दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, फ्रँक ग्रोसक्लोज यांनी इथं इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा विभाग उभा केला. या शाखेच्या अमेरिकी क्रमवारीत तो गेली कित्येक वर्षं पहिल्या स्थानाच्या आसपास आहे. मला त्या क्रमांकाचं विशेष वाटत नाही. तिथं जे प्रश्न विचारले गेले, त्यांचं मात्र फार वाटतं.

मेकॅनिकलवाला यंत्र करतो, सिव्हिलवाला पूल बांधतो, मग इंडस्ट्रियलवाला काय करतो? प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न घरोघरी निघतो आणि मुलांना त्याचं नीट उत्तर देता येत नाही. उत्तर असं की तो नवी वस्तू करत नाही. माणसं, यंत्रं, माल, जागा आणि वेळ ही आहे तीच सामग्री घेऊन तो तिची मांडणी ठरवतो. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, गोदाम कुठं, गाडी कोणत्या रस्त्यानं, खिडक्या किती उघडायच्या, साठा किती ठेवायचा. यंत्र तेच, पगार तोच, पण मांडणी बदलली की काम दुप्पट निघू शकतं, आणि चुकली की सगळे राबूनही काही निघत नाही.

पहिली दोन वर्षं इतर इंजिनिअरांसारखीच जातात : कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग. फरक पडतो तो संभाव्यताशास्त्र सुरू झाल्यावर. इथल्या विद्यार्थ्याला संभाव्यता दुसऱ्या भाषेसारखी यावी लागते, कारण त्याच्या जगात काहीच वेळेवर येत नाही. रोगी, ट्रक, ऑर्डरी, बिघाड, सगळं आपल्या लहरीनं येतं. रांगांचा सिद्धांत त्यातूनच जन्मला. डेन्मार्कचे आगनेर एर्लांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला होते. एकाच वेळी किती कॉल येतील, त्यासाठी किती तारा लागतील, याचं गणित त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलं.

या सिद्धांतातली एक गोष्ट मला प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसाला सांगावीशी वाटते. सरकारी दवाखान्यातली केसपेपरची एकच खिडकी घ्या. रोगी अधूनमधून, आपल्या सवडीनं येतात. कुणाचं काम अर्ध्या मिनिटात होतं, कुणाचं पाच मिनिटं चालतं. खिडकीतला कारकून ८० टक्के वेळ कामात असेल, तर रांगांच्या सर्वांत साध्या सूत्राप्रमाणे खिडकीशी सरासरी ४ माणसं असतात, ज्याचं काम चालू आहे तो धरून. कारकून ९० टक्के कामात असेल तर ९. आणि ९५ टक्के असेल तर १९. म्हणजे कारकुनाचं काम ८० वरून ९५ वर गेलं, पाचव्या हिश्श्याहूनही कमी वाढलं, आणि रांग जवळजवळ पाचपट झाली. साहेबांना रिकामा बसलेला कारकून खुपतो. पण तो अधूनमधून रिकामा असतो म्हणून तर रांग आवरते. शंभर टक्के कामात असलेल्या खिडकीसमोरची रांग या गणितात कधीच स्थिरावत नाही, वाढतच राहते. हे एकदा नीट कळलं की दवाखाना, टोलनाका, कोर्टातली तारीख, सगळीकडे माणूस वेगळ्या नजरेनं पाहायला लागतो.

त्याला जोडूनच जॉन लिटल यांचा १९६१ मधला नियम शिकवतात. आत असलेली सरासरी माणसं म्हणजे ताशी येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा आत जाणारा सरासरी वेळ. ताशी २० रोगी येतात आणि प्रत्येकाचा दीड तास जातो, तर आवारात सरासरी ३० माणसं असणारच. बाकं किती टाकायची हे या एका गुणाकारावरून ठरवता येतं. लोक कसे येतात, डॉक्टर कोणत्या क्रमानं तपासतात, यानं नियम बदलत नाही. इतका साधा आणि इतका सर्वव्यापी नियम इंजिनिअरिंगमध्ये क्वचितच सापडतो.

या शाखेचा जुना इतिहास मात्र सगळाच गौरवाचा नाही, आणि तो झाकूही नये. फ्रेडरिक टेलर यांनी हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजायची पद्धत रूढ केली. १९११ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन इथल्या सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी या मोजणीविरुद्ध संप केला. अमेरिकी काँग्रेसनं चौकशी लावली, आणि त्यानंतर सरकारी पैशावर चालणाऱ्या लष्करी कारखान्यांत स्टॉपवॉच वापरायला बंदी आली. ती १९४९ पर्यंत टिकली. आपल्याकडे पुण्या-ठाण्याच्या कारखान्यांतही ‘टाइम स्टडीवाला आला’ म्हटलं की कामगाराचा हात आपोआप मंदावतो. तो आळस नव्हे. मोजलेला वेळ उद्या आपलाच कोटा होऊन बसेल, हा अनुभव त्यामागे असतो.

याच काळात फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्यानं घड्याळाकडून लक्ष काढून हालचालीकडे वळवलं. फ्रँक स्वतः गवंडीकाम शिकलेले. वीट उचलण्यापासून बसवण्यापर्यंतच्या १८ हालचाली त्यांनी साडेचारवर आणल्या. विटा कमरेच्या उंचीला ठेवल्या, म्हणजे गवंड्याला दर विटेमागे वाकावं लागेना. लिलियन यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. पतीच्या निधनानंतर बारा मुलांच्या या आईनं काम चालू ठेवलं आणि १९३५ मध्ये त्या इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगनं कामगाराच्या पाठीचा विचार करावा ही दृष्टी मोठ्या अंशी त्यांची देणगी आहे.

आजच्या विद्यार्थ्याला ती आकड्यांत भेटते. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेनं १९९१ मध्ये वजन उचलण्याचं एक समीकरण दिलं. त्याची सुरुवात २३ किलोंपासून होते, आणि तेही सगळं अनुकूल असताना : ओझं अंगापासून २५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंच, धरायला नीट जागा, कंबर वळवायची नाही, आणि वरचेवर उचलायचं नाही. ओझं अंगापासून ५० सेंटिमीटरवर असलं की मर्यादा निम्म्यावर, साडेअकरा किलोंवर येते. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोंची असते आणि ती दिवसभर पाठीवर वाहिली जाते. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा झाला, हमालांची नोंदणी झाली, मजुरीला शिस्त आली. गोणीचं वजन मात्र या समीकरणाच्या दुपटीवरच राहिलं. मराठी मुलानं ही शाखा निवडली, तर त्याला प्रश्न शोधायला लांब जावं लागणार नाही.

तिसऱ्या वर्षी ऑप्टिमायझेशन येतं, म्हणजे असंख्य पर्यायांतून सर्वांत चांगला शोधण्याचं गणित. याचा पाया जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना घातला. त्यांची सिम्प्लेक्स पद्धत व्यवहारात झकास चालायची, पण काही कुटिल उदाहरणांत तिला बेसुमार वेळ लागतो हे १९७२ मध्ये दाखवलं गेलं. १९७९ मध्ये सोव्हिएत गणिती खाचियान यांनी कागदावर निर्दोष अशी पद्धत दिली. ती प्रत्यक्षात संथ निघाली. आणि १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकर यांनी अशी पद्धत मांडली की जी सिद्धांतातही खरी उतरली आणि संगणकावरही वेगानं धावली. करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातले, आयआयटी मुंबईचे पदवीधर, वय तेव्हा तिशीच्या आत. न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली. सिम्प्लेक्स पद्धत शक्यतांच्या बहुपैलू आकाराच्या कडेकडेनं कोपरा गाठत जाते, करमरकर आकाराच्या पोटातून गेले. या आतल्या वाटेचा व्यापक सिद्धांत युरी नेस्तेरोव्ह आणि अर्कादी नेमिरोव्स्की यांनी उभारला, आणि नेमिरोव्स्की २००५ मध्ये याच अटलांटाच्या विभागात प्राध्यापक म्हणून आले. तिथल्या वर्गात करमरकरांचं नाव निघतं तेव्हा ते इतिहासातलं नसतं, चालू कामातलं असतं.

सगळेच प्रश्न असे वश होत नाहीत. फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न प्रसिद्ध आहे : ठरावीक ठिकाणी एकेकदा जाऊन परत यायचं, तर सर्वांत छोटा फेरा कोणता? १५ ठिकाणं असली तरी फेऱ्यांची संख्या ४,३५८ कोटींच्या वर जाते. विल्यम कुक २००० च्या दशकात जॉर्जिया टेकमध्ये होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये स्वीडनमधल्या २४,९७८ वस्त्यांचा सर्वांत छोटा फेरा शोधला, सुमारे ७२,५०० किलोमीटरचा, आणि याहून छोटा असूच शकत नाही हे सिद्धही केलं. दोन वर्षांनी त्यांनी एका चिपवरच्या ८५,९०० बिंदूंचा प्रश्न सोडवला. त्यासाठी अनेक संगणकांचा मिळून १३६ वर्षांहून अधिक प्रोसेसर-वेळ खर्च झाला. निव्वळ मानवी चिकाटीचा दाखला म्हणूनही हे काम थोर आहे.

याच विभागात याच प्रश्नाचं एक अगदी उलट्या स्वभावाचं उत्तर त्याआधी वीस वर्षं सापडलं होतं, आणि मला ते जास्त जवळचं वाटतं. अटलांटात ‘मील्स ऑन व्हील्स’ नावाची सेवा आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्ध आणि आजारी माणसांना दुपारचं जेवण घरपोच द्यायचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रोजची जेवणं दोनशेच्या आसपास होती आणि गाड्या चार. संस्थेकडे संगणक नव्हता, तो घ्यायला पैसे नव्हते, चालवायला माणूसही नव्हता. यादी तर सतत बदलायची, कारण कुणी बरं व्हायचं, कुणी रुग्णालयात जायचं, कुणी वारायचं.

जॉन बार्थोल्डी आणि लॉरेन प्लॅट्झमन या प्राध्यापकांनी १९१२ मधल्या एका गणिती कुतूहलाचा आधार घेतला. पोलंडचे सिएरपिन्स्की यांनी अशी एक वक्ररेषा वर्णिली होती, जी वळणावळणानं चौरसातल्या प्रत्येक बिंदूपाशी पोचते. अशी रेषा शहराच्या नकाशावर अंथरली की प्रत्येक घराला त्या रेषेवरचा एक क्रमांक मिळतो, आणि क्रमांकानं जवळ असलेली घरं रस्त्यानंही जवळ असतात. प्राध्यापकांनी नकाशाच्या चौकटींसाठी क्रमांकांचा तक्ता करून दिला. पुढचं सगळं कार्डांवर. प्रत्येक घराचं एक कार्ड, त्यावर पत्ता आणि तो क्रमांक, आणि कार्डं क्रमांकानं लावून फिरत्या पेटीत अडकवलेली. सकाळी गठ्ठ्याचे चार सारखे भाग करायचे आणि एकेक भाग एकेका ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. कार्डांचा क्रम हाच रस्ता. नवं नाव आलं की तक्त्यात क्रमांक पाहून कार्ड योग्य जागी खोचायचं. कुणी गेलं की कार्ड काढून घ्यायचं, बाकीचा क्रम जागच्या जागी. असा फेरा सर्वोत्तम फेऱ्याहून सरासरी २५ टक्के लांब पडतो, हे त्या प्राध्यापकांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं. पण जे काम एक बाई टेबलाशी बसून हातानं करू शकते, बिघडलं तर दुरुस्त करू शकते, ते त्या संस्थेसाठी स्वीडनच्या फेऱ्याहून मोलाचं होतं.

बार्थोल्डींचं दुसरं काम गोदामांतलं. डोनाल्ड आयझेनस्टाइन यांच्याबरोबर त्यांनी १९९६ मध्ये ‘बादल्यांची रांग’ पद्धतीचं गणित मांडलं. ऑर्डर भरायची म्हणजे खोका घेऊन फडताळांच्या कडेनं चालायचं आणि लागेल तो माल टाकत जायचा. एरवी सुपरवायझर प्रत्येकाला हद्द आखून देतो, आणि मग कुणी तुंबतो, कुणी बसून राहतो. इथं हद्दच नाही. शेवटचा माणूस खोका पूर्ण करतो, उलटा चालत येतो, आपल्या मागच्याच्या हातातला खोका घेतो आणि पुढे निघतो. तो मागचा आणखी मागे जातो. नियम एकच : सर्वांत सावकाश माणूस सुरुवातीला, सर्वांत चपळ शेवटी.

समजा, फडताळं ९६ आणि माणसं दोन. सावकाश माणूस एक फडताळ करतो तोवर चपळ दोन करतो. दोघं सुरुवातीपासून निघाले. चपळ ९६ व्या फडताळाशी पोचला तेव्हा सावकाश ४८ व्याशी होता. तिथं खोका बदलला. परतीचा वेळ नगण्य धरू. पुढची अदलाबदल २४ व्या फडताळाशी होते, मग ३६, मग ३०, मग ३३, मग साडेएकतीस, आणि शेवटी ती ३२ वर येऊन ठरते. बरोबर एक तृतीयांश, म्हणजे दोघांच्या वेगाच्या प्रमाणात. कुणी मोजलं नाही, कुणी हद्द आखली नाही, स्टॉपवॉच खिशातून निघालंही नाही. उद्या सावकाश माणूस थोडा तरबेज झाला तर ३२ ची जागा आपसूक पुढे सरकेल. आणि दोघांचा क्रम उलटा लावला तर? तेच गणित प्रत्येक फेरीला समतोलापासून लांब जातं, आणि चपळ माणूस सावकाशाच्या पाठीशी अडकून पडतो. कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत कुणालाही हे पडताळता येईल. अवश्य पडताळावं.

पुस्तकी गणित असं जमिनीवर आणायची सवय विद्यार्थ्यांना लागावी, याची या विद्यापीठात जुनी व्यवस्था आहे. १९१२ पासून तिथं को-ऑप योजना चालते. एक सत्र वर्गात, एक सत्र कंपनीत, आलटून पालटून. शेवटच्या वर्षी ‘सीनियर डिझाइन’ असतं. विद्यार्थ्यांचा गट एखादी खरी संस्था गाठतो, तिचा खरा प्रश्न घेतो, तिचेच गचाळ, अर्धवट आकडे घेऊन उत्तर काढतो आणि तिच्या अधिकाऱ्यांपुढे मांडतो. प्रश्न नेमका कोणता, हे ठरवण्यातच बरेच आठवडे जातात. माझ्या मते पदवीचा खरा गाभा तो. आपल्याकडे मुंबईत पवई इथं १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीनं ‘नीटी’ ही संस्था याच विद्येसाठी स्थापन झाली, आणि कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष अभ्यास करण्यावर तिचाही भर राहिला. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं.

मधमाश्यांची गोष्ट शेवटी ठेवली, कारण तिला फळ यायलाही वेळ लागला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बार्थोल्डींच्या कानावर रेडिओवरून कॉर्नेल विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ थॉमस सीली यांचं मधमाश्यांवरचं काम आलं. हजारो माश्या वेगवेगळ्या फुलोऱ्यांवर वाटल्या जातात, आणि वाटणारं कुणी नसतं. बार्थोल्डी, क्रेग टोव्ही आणि जॉन व्हँडे व्हेट या तिघा जॉर्जिया टेकच्या प्राध्यापकांनी सीलींशी संपर्क साधला. चांगला फुलोरा सापडलेली माशी पोळ्यात येऊन नाचते, आणि फुलोरा जितका भरघोस तितका नाच लांबतो. मोकळी माशी अनेक नाच पाहून तुलना करत बसत नाही. वाटेत जो नाच दिसेल त्याच्या मागे जाते. मकरंद घेऊन आलेल्या माशीला तो उतरवून घेणारी माशी पोळ्यात शोधावी लागते. ती लवकर सापडली नाही, तर आलेली माशी वेगळा, थरथरता नाच करते आणि त्यामुळे उतरवून घेणाऱ्या माश्या वाढतात. म्हणजे रांगेत लागलेला वेळ हीच त्यांची बातमी. चौघांनी या वाटणीचं गणित मांडलं आणि ते १९९३ मध्ये जीवशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आलं. त्याचा उद्योगाला उपयोग काय, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. पैसा सरकारी संशोधननिधीतला होता.

काही वर्षांनी ऑक्सफर्डचे संशोधक सुनील नकरानी टोव्हींकडे वेगळाच प्रश्न घेऊन आले. वेबसाइटी चालवणाऱ्या केंद्रात शेकडो सर्व्हर असतात. कोणत्या साइटवर कधी गर्दी उसळेल सांगता येत नाही, आणि सर्व्हर एका साइटवरून दुसरीकडे वळवायला वेळ मोडतो. टोव्हींना मधमाश्या आठवल्या. साइट म्हणजे फुलोरा, सर्व्हर म्हणजे माशी, आणि नाचाच्या जागी एक सामाईक फलक, ज्यावर चांगली कमाई करणारा सर्व्हर आपल्या साइटची जाहिरात जास्त वेळ लावून ठेवतो. २००४ मध्ये त्यांनी निकाल मांडला. २०१६ मध्ये बार्थोल्डी, टोव्ही, व्हँडे व्हेट, सीली आणि नकरानी या पाचांना ‘गोल्डन गूज’ पुरस्कार मिळाला. सरकारी पैशातून झालेलं, आधी विचित्र वाटलेलं आणि पुढे समाजाच्या उपयोगी पडलेलं संशोधन हेरून हा सन्मान दिला जातो. त्यांच्या निकालात असं दिसलं होतं, की मागणी संथ आणि ठरल्यासारखी असेल तेव्हा नेहमीच्या पद्धती मधमाश्यांच्या रीतीहून सरस ठरतात. पण मागणी घडोघडी उसळत आणि ओसरत असेल, तेव्हा आधीच हिशेब करून ठरवलेली सर्वोत्तम स्थिर वाटणीसुद्धा तिच्या मागे पडते.